नेच्याचे कोंब खा, पण त्यांच्या पाण्याचा काढा करू नका

रानभाज्यांच्या यादीत नेचा (फर्न) आला की शेजारी ‘अत्यंत औषधी’ असा शेरा असतोच. मग कुणी कच्च्या कोंबांचा रस प्यायला सांगतं, कुणी उकळलेल्या पाण्याचा काढा. दोन्ही सल्ले सोडून द्या. खाण्याजोग्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांत तंतू, पोटॅशियम, लोह, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व असतं. ऑस्ट्रिच फर्न या खाण्याजोग्या नेच्यात तर ओमेगा-३ गटातलं ईपीएही सापडतं, जे भाज्यांत सहसा मिळत नाही. याचा फायदा भाजी म्हणून नीट शिजवून खाल्लं तरच. ‘नेचा जंतांवर चालतो’ हे जुनं ज्ञान मेल फर्न या वेगळ्या नेच्याच्या जमिनीखालच्या खोडाबद्दल आहे, ताटातल्या कोंबाबद्दल नाही. आणि त्या औषधाची मात्रा जास्त झाली की दृष्टीवर घाला यायचा, म्हणून ते मागे पडलं.

आधी ओळख. ऑस्ट्रिच फर्नचे कोंब एका गड्ड्यातून झुबक्यानं येतात, देठ गुळगुळीत असतो, त्याच्या आतल्या बाजूला खोल पन्हळ असते आणि गुंडाळीवर कागदासारखे तपकिरी पापुद्रे असतात. देठावर लव दिसली तर हात लावू नका. ब्रॅकन या दुसऱ्या नेच्याचे कोंब जमिनीतून एकेकटे वर येतात, अंगावर लव असते आणि उलगडताना त्यांना तीन फाटे फुटतात. ब्रॅकनमध्ये टाकिलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८७ मध्ये ब्रॅकनला ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं. राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून ते द्रव्य बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही. मी ब्रॅकन खात नाही आणि कुणाला खा म्हणणार नाही. शंभर टक्के खात्री नसेल तर कोंब खुडूच नका.

घट्ट गुंडाळलेलेच कोंब घ्या, एका गड्ड्यातले निम्म्याहून कमी. पापुद्रे कोरडे असतानाच चोळून झटका. ओले झाले की चिकटून बसतात. मग दोन-तीन पाण्यांतून धुवा.

आता उकळणं. या पायरीनं मला सुरुवातीला फार छळलं, कारण पाककृतींत ‘हिरवेगार, कुरकुरीत राहतील इतकंच परता’ असं लिहिलेलं असायचं. १९९४ मध्ये न्यूयॉर्क आणि पश्चिम कॅनडात ऑस्ट्रिच फर्नचे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कोंब खाऊन बरेच लोक आजारी पडले. मळमळ, उलट्या, जुलाब. नेमकं कोणतं द्रव्य बाधलं ते सापडलं नाही, पण नीट शिजवल्यानं धोका टळतो हे कळलं. कॅनडाच्या आरोग्य खात्याचा सल्ला साधा आहे: भरपूर पाण्यात १५ मिनिटं उकळा, किंवा १० ते १२ मिनिटं वाफवा, आणि ते पाणी फेका.

यात घोळ होतो तो वेळ मोजताना. कोंब घातले की पाण्याची उकळी मोडते. घड्याळ तेव्हा लावायचं नाही; पाणी पुन्हा खळखळायला लागलं की लावायचं. पातेलं मोठं घ्या, नाहीतर पाणी परत तापायलाच वेळ जातो आणि कोंब नुसते कोमट पाण्यात पडून राहतात. पाणी तपकिरी होतं, ते ओतून टाका. त्याचा काढा नाही, सूप नाही, आमटीही नाही. उकळताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, जाऊ द्या. त्यासाठी वेळ कमी करणं हा शहाणपणा नव्हे. नुसतं परतणं किंवा मायक्रोवेव्ह उकळण्याच्या जागी चालत नाही. परतायचं ते उकळून निथळल्यावर.

अनेक नेच्यांत थायमिनेज हे ब१ जीवनसत्त्व मोडणारं विकरही (एन्झाइम) असतं. उष्णतेनं ते निकामी होतं, म्हणून कच्च्या रसाचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

फोडणी तुमच्या आवडीची. फ्रीझ करायचे असतील तर आधी दोन मिनिटं उकळून, गार पाण्यात घालून, निथळून भरा. मात्र खाण्याआधी पुन्हा पूर्ण १५ मिनिटं. पहिल्यांदा खाताना चार-पाच कोंबांवर थांबा. खाल्ल्यावर काही तासांत पोटात मुरडा किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांकडे जा आणि उरलेले कोंब दाखवायला सोबत न्या.