ईडीआय जोडण्याआधी मालाची यादी जुळवून घ्या
म्हापसा-डिचोलीकडचे काजूवाले आता मोठ्या रिटेल साखळ्यांना माल देऊ लागले आहेत, आणि तिथे ऑर्डर फोनवर नाही, थेट ईडीआयने येते, म्हणजे त्यांच्या संगणकातून तुमच्या संगणकात, ठरावीक साच्याच्या फाइलने. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर सगळे डोकं खपवतात. माझ्या मते खरं काम त्याआधीचं आहे.

२५० ग्रॅमची २४ पाकिटं एका खोक्यात जातात असं धरा. ऑर्डरमध्ये प्रमाण '१०' आलं. दहा पाकिटं की दहा खोकी? फोनवर असतं तर माणसाने विचारलं असतं, मशीन विचारत नाही. म्हणून पाकिटाचा १३ अंकी बारकोड, खोक्याचा १४ अंकी, एकक आणि दर हे सगळं खरेदीदाराच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. यादी एक्सेलमध्ये असेल तर बारकोडचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर लांब आकडा घातांकात दिसू लागतो आणि तसाच पुढे जातो. जीएसटी क्रमांकही बघा. गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो. खरेदीदाराचं बिल मुंबईच्या नोंदणीवर असेल तर २७, आणि मग सहसा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो.

आणखी एक. एडिफॅक्टमध्ये, म्हणजे ईडीआय फाइलींच्या एका आंतरराष्ट्रीय साच्यात, 'कंट्रोल' ही पोच म्हणजे फाइल मिळाली, तिची रचना तपासली, एवढंच. ऑर्डर मान्य केल्याचं उत्तर वेगळं जातं, 'ऑर्डर रिस्पॉन्स' म्हणून. चतुर्थीच्या तोंडावर माल कमी पडणार असेल तर तो आकडा त्यातच कळवा, ट्रक निघायच्या आधी.