मुरूड ते लाडघर: तिथी बघून किनारा चालायचा कसा

दापोलीजवळच्या मुरूडला तंबू ठोकायचा, कर्द्यावरून लाडघरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं आणि मधे मनसोक्त डुंबायचं, असा बेत असेल तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. रविवार कधी येतो ते नंतर, आधी तिथी.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत हाच हिशोब; पौर्णिमा-अमावास्येला 15 धरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात विचारून घ्याच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली चतुर्थी-पंचमी या बेताला सगळ्यात सोयीची: सकाळी चालायला उघडा किनारा, दुपारी पोहायला चढतं पाणी.

आठला निघा. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, मीठ घातलेलं कोकम सरबत. ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पिंढऱ्या भरून येतात. पुढे खडक लागले की चपला नकोत, बूट हवेत. कालवं चिकटलेला खडक ब्लेडसारखा कापतो आणि हिरव्या शेवाळावर तर पाय ठेवूच नका. दहानंतर पाणी वर यायला लागतं, त्यामुळे खडकांतून परतायचा हट्ट नको. लाडघरहून वरच्या रस्त्याने या, नाहीतर सरळ रिक्षा करा.

पोहायचं कर्द्याला, पंचमी असेल तर साडेबारा ते साडेतीन. भरती लागलेली असताना पाणी किनाऱ्याकडे ढकलतं. ओहोटी सुरू झाली की बाहेर या, मग कोणी कितीही पट्टीचा पोहणारा असो. खाडीच्या तोंडाशी कधीच उतरू नका. लाटा दोन्हीकडे फुटतायत आणि मधला पट्टा गुळगुळीत दिसतोय, तर तो टाळा: तिथूनच पाणी आत खेचतं. सापडलातच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) आधीच पळतं. कमरेच्या वर पाणी आणि पोटात दारू, दोन्ही वर्ज्य.

तंबू वाळूत नको, घरमालकाला विचारून वाडीत, म्हणजे त्याच्या बागेत लावा. पण माडाखाली नाही. नारळ पडताना हाक मारत नाही! या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री पुळणीवर शेकोटी आणि टॉर्च बंद. जेवायला ताजी मासळी हवी असेल तर संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलावाला जा, पण सुटे पैसे आणि मोठी पिशवी घेऊनच.