मुंबईतली ‘सावरलेली ठिकाणं’ सायकलवरून एका सकाळीत कशी दाखवावीत

ही सहल म्हणजे व्यायाम नव्हे आणि स्मारकदर्शनही नव्हे. या शहरावर जे जे कोसळलं त्यानंतर काय बांधलं गेलं, काय रुंद केलं गेलं आणि त्या पायी कुणाला उठवलं गेलं, हे दहा-बारा जणांना रस्त्यावर उभं राहून दाखवायचं असतं. मुंबईत भग्नावशेष बघायला मिळत नाहीत, इथली जागा इतकी महाग की कुणी ते राहूच देत नाही. म्हणून ‘दुर्घटनास्थळं’ शोधत फिरू नका, डागडुजी शोधा. सहल नेणाऱ्याने पक्कं धरून ठेवावं असं एवढंच.

वाट अशी: सीएसएमटी, पी. डिमेलो रोड, कर्नाक पूल, मोहम्मद अली रोड, जे. जे., भायखळा, लालबाग, परळ, हिंदमाता, माटुंग्याची पाच उद्यानं आणि शेवटी धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. साधारण सोळा-सतरा किलोमीटर. रविवारी सहाला निघालं की थांबत थांबत साडेदहापर्यंत पोहोचता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. ‘पावसाळ्यात न्या, म्हणजे लोकांना खरा अनुभव येईल’ असं सुचवणारे भेटतात. त्यांनी गुडघाभर पाण्यात झाकण उघडं राहिलेल्या मॅनहोलच्या आसपास सायकल घालून दाखवावी, मग बोलू.

सायकल, हेल्मेट, पाणी, पंक्चरचं सामान हे सांगायला नको. पुढे एक माहीतगार, मागे एक माहीतगार, आणि मागच्याला ओलांडून कुणी मागे राहणार नाही, एवढं निघताना बजावा. गळ्यात अडकवायचा लाउडस्पीकर आणू नका. रविवारी सकाळी सहाला लोक झोपलेले असतात.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: दहशतवादी हल्ल्यांच्या जागा या सहलीत घ्यायच्या नाहीत. आग, साथ आणि पूर एका माळेत ओवता येतात, हल्ला त्यात बसत नाही. तो घेतला की प्रत्येक थांब्यावर वाद सुरू होतो आणि सकाळ संपते. सीएसएमटीपाशी हिमालय पूल तेवढा दाखवा. तो १४ मार्च २०१९ ला कोसळला, सात माणसं गेली, आणि २०२३ मध्ये तिथे नवा पूल झाला. दोन मिनिटं पुरेत.

आता गोदीचा टप्पा. सगळ्यात अवघड हाच, आणि मला सगळ्यात जास्त झुंजायला लावलं तेही यानेच. कारण तिथे बघायला काहीही नाही. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलं, ती डॉक आता भरून टाकली आहे. भिंत आहे, गेटं आहेत, ट्रेलरची रांग आहे. सहलीतली माणसं भिंतीकडे बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात. इथे सहल पडते.

आधी रस्त्याचं बघू. पी. डिमेलो रोडवर रविवारी सकाळी वाहनं कमी असली तरी ट्रेलर असतातच, आणि उभ्या ट्रेलरपेक्षा हळू चाललेला ट्रेलर जास्त वाईट. त्याच्या डाव्या अंगाला चालकाला काही दिसत नाही. म्हणून ट्रेलर आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीत कुणीही घुसायचं नाही. ट्रेलर पुढे असेल तर त्याच्या मागे थांबायचं, दोन मिनिटं गेली तरी चालतील. एका ओळीत, दोन सायकलींमध्ये एका सायकलीचं अंतर ठेवून. उभ्या ट्रक्सच्या बाजूने जाताना केबिनचं दार अचानक उघडतं, आणि त्यांच्या खाली डांबरावर डिझेलचे काळे, चकचकीत डाग असतात. त्यांवर ब्रेक मारायचा नाही, सरळ जाऊ द्यायचं. ऑरेंज गेटपाशी पूर्व मुक्त मार्गाचा चढ समोर येतो. त्यावर सायकलला बंदी आहे, आणि दर वेळी कुणीतरी एक उत्साही वीर त्या दिशेने हॅंडल वळवतोच. त्याला निघण्याआधीच ओळखून आपल्या मागे दुसऱ्या नंबरवर ठेवा.

गेटसमोर घोळका करू नका, कॅमेरा तर काढूच नका. तो संरक्षित भाग आहे, सुरक्षारक्षक हुसकावतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ‘परवानगी काढून आत जा’ हा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः बहुधा काढलेली नसते. आत जाऊनही मोकळं आवार आणि कंटेनरच बघायचे, हे ते सांगत नाहीत. गेटापासून थोडं अलीकडे, जिथे फुटपाथ रुंद असेल तिथे सगळ्यांना सायकलवरून उतरवा, सायकली भिंतीला टेकवायला लावा आणि माणसांची तोंडं भिंतीकडे करा. त्यांची पाठ वाहनांकडे होते, म्हणून तुम्ही स्वतः रस्त्याच्या बाजूला उभं राहा.

आता हकीकत. ती अर्धीच सांगायची. मी सांगतो तो क्रम असा: जहाज इंग्लंडहून आलं, त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या गाठी चढवल्या. जहाज गोदीत लागल्यावर दोन दिवसांनी, दुपारी कापसाला आग लागल्याचं लक्षात आलं. अग्निशमन दल आलं, पाणी मारत राहिलं. जहाज बाहेर ओढायचं की जागेवरच बुडवायचं, यावर निर्णय काही झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. इथे थांबा. मेलेल्यांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो, तोही तसाच सांगा, एकच आकडा ठोकून देऊ नका. युद्धाचा काळ होता, सेन्सॉरमुळे इथल्या वर्तमानपत्रांना कित्येक दिवस नीट बातमीही देता आली नाही.

आगीशी लढलेल्यांचं काय झालं, हे इथे सांगायचं नाही. ते भायखळ्याला. लोक विचारतील, विचारू द्या. भिंतीपाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं की पुढचे चार किलोमीटर माणसं नुसती पेडल मारतात. अर्धं राखून ठेवलं की तीच माणसं वाटेत एकमेकांत अंदाज बांधत येतात. रिकाम्या भिंतीवर मला सापडलेला उपाय हाच.

आणि सोनं! जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्या उडाल्या, एक तर मैलभरापेक्षा लांब एका घरात जाऊन पडली, पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. सोन्याचं नाव काढलंत की पुढे कुणीही दुसरं काही ऐकत नाही. एका वाक्यात, सगळ्यात शेवटी, सायकलवर बसता बसता सांगा. सोन्यापासून सुरुवात करणारे वाटाडे मी पाहिलेत, त्यांच्या सहलीतल्या माणसांना मेलेली माणसं आठवत नाहीत, विटा आठवतात.

इथून पुढे उत्तरेला जाऊन वाट शोधायच्या भानगडीत पडू नका. उतरून, चालत रस्ता ओलांडा आणि मागे फिरून कर्नाक पुलावरून पश्चिमेला या. पूल नवा आहे, आता त्याला सिंदूर पूल म्हणतात. मोहम्मद अली रोडला लागलात की वरचा जे. जे. उड्डाणपूल सायकलसाठी नाही. खालूनच जायचं, आणि खालीच तर बघायचं आहे.

उजव्या हाताला मांडवी. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं ते या भागात. मग घरोघरी तपासण्या, रोग्यांना उचलून नेणं, चुन्याने भिंती रंगवणं, राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं. लाखो माणसं शहर सोडून गावी पळाली. हे सगळं चालता चालता सांगता येतं, पण सरदार पटेल मार्गाचा चौक आला की थांबवा. जुना सॅण्डहर्स्ट रोड हाच. प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून हे पूर्व-पश्चिम रस्ते कापले. प्रिन्सेस स्ट्रीट दुसरा. समुद्रावरचा वारा कोंदट आळ्यांत शिरावा हा हेतू. सगळ्यांना आधी एखाद्या आतल्या गल्लीच्या तोंडाशी उभं करा, मग या रस्त्याच्या मधोमध पश्चिमेकडे तोंड करून बघायला लावा. रुंदीतला फरक लगेच कळतो. इथेच हेही सांगा की ट्रस्टने जेवढी घरं पाडली तेवढी गरिबांना परवडणारी घरं उभी केली नाहीत. वारा आला, पण ज्यांच्यासाठी म्हणून आणला त्यातले बरेच जण तिथे राहिले नव्हते. ही गोष्ट गाळणाऱ्या मार्गदर्शकाने नुसता नकाशा वाचून दाखवावा, माणसाची गरज नाही.

जे. जे.च्या आवारात ग्रॅंट मेडिकल कॉलेज. तिथल्या एका छोट्या प्रयोगशाळेत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. गेटाबाहेरून सांगा, रुग्णालयात घोळका नेऊ नका.

भायखळ्याला अग्निशमन दलाचं मुख्यालय. इथे राखून ठेवलेली अर्धी हकीकत सांगायची: त्या दिवशी गोदीत आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ जवान परत आले नाहीत. त्यांचं स्मारक इथे आहे, आणि देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो याचसाठी. आत जायचं असेल तर आधी विचारून ठेवा. काही झालं तरी बंब निघतात त्या दाराच्या समोर सायकल उभी करू नका, क्षणभरही नाही.

नाश्ता इथेच, जो इराणी उघडा असेल तिथे.

परळला हाफकिन संस्थेची इमारत बाहेरून बघा. पूर्वीचं गव्हर्नर हाऊस, १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली, १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं. वेळ असेल तर परळ स्टेशनकडे वळून लष्कराने बांधलेला पादचारी पूल दाखवा. इथल्या जुन्या पुलावरच्या २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेल्यावर तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. वेळ नसेल तर सोडून द्या.

हिंदमाता मात्र सोडायचं नाही, आणि इथे बोलायचं कमी. उड्डाणपुलाखालून जाताना सगळ्यांना सांगा की पाय थांबवा. सायकल आपोआप पुढे जात राहते, मग हळूहळू तिचा वेग मरतो आणि पेडल मारावं लागतं. हा भाग परातीसारखा आहे, हे गाडीत बसून कधी कळत नाही, सायकलवर गुडघ्यांना कळतं. सगळीकडचं पाणी इथे का साचतं, हे मग समजावून सांगावं लागत नाही. पालिकेने साचलेलं पाणी धरून ठेवायला परळच्या झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस ओसरला आणि भरती उतरली की ते पाणी सोडतात. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत असतात, ती त्या टाकीवर खेळतायत.

माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या सावलीत दहा मिनिटं बसा. दादर-माटुंग्याची ही आखीव वस्तीही त्याच ट्रस्टची, प्लेगनंतरची.

पुढे रेल्वे ओलांडून पश्चिमेला जायचं आहे. पुलांची कामं सतत चालू असतात, कुठला उघडा आहे हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. नकाशाच्या ॲपवर विसंबू नका. धारावीतून जाताना थांबायचं नाही, लोकांच्या दारात मोबाइल काढायचा नाही. ज्याला ‘धारावी बघायची आहे’ त्याला नाव नोंदवतानाच नाही म्हणा.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे एके काळचं कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड. त्यावर माती टाकून झाडं लावली, १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शेजारून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ चं इथे सांगा, कारण आकडे इथेच नीट बसतात. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्याच वेळी कुलाब्याला ७३. सकाळी निघालो त्या टोकाला त्या मानाने थोडाच पाऊस आणि या टोकाला शहर बुडालेलं, आणि हे अंतर सगळ्यांनी आत्ताच पायांनी मोजलेलं असतं. भराव घालून, बांधकामं करून, विमानतळापाशी वळवून नदी आधीच आवळलेली होती, त्यात भरती. नंतर मिठीसाठी प्राधिकरण नेमलं, पात्र रुंद आणि खोल केलं, संरक्षक भिंती बांधल्या, काठावरच्या झोपड्या हलवल्या. सकाळी सरदार पटेल मार्गावर निघालेला प्रश्न इथे उघड विचारा: उठवलेली माणसं गेली कुठे? उत्तर तुम्ही देऊ नका. गटात त्या दिवशी घरात पाणी शिरलेलं कुणी ना कुणी निघतंच, त्याला बोलू द्या.

उन्हं चढलेली असतात, परत सायकलने जायचा हट्ट धरू नका. लोकलमध्ये सायकली घालायचा बेतही नको. एक छोटा टेम्पो आधी ठरवा, त्यात जुनी गोधडी आणि सुतळी ठेवायला सांगा. सायकली एकाआड एक उलट्या दिशेने रचायच्या आणि साखळीची बाजू कधीही दुसऱ्याच्या स्पोक्समध्ये जाऊ द्यायची नाही. भाडं निघताना, आधीच गोळा करा. उद्यानाच्या दारात दहा जणांकडून सुटे पैसे मागत बसलात तर टेम्पोवाला वेटिंग लावतो.