मुलांना सालामांकाला नेण्याआधी

पहिल्या खेपेला आम्ही बार्सेलोना आणि माद्रिद केलं. नऊ दिवस, एकवीस मुलं, तीन शिक्षक, एसी बस आणि इंग्रजी बोलणारा गाइड. परतीच्या विमानात मी एकेका मुलाजवळ जाऊन विचारलं, या नऊ दिवसांत स्पॅनिशमधून कुणाशी काय बोललास? बहुतेकांची गाडी 'ओला' आणि 'ग्राथियास'च्या पुढे गेलीच नव्हती. दोन वर्षं शाळा सुटल्यावर थांबून भाषा शिकलेली मुलं होती ती. एका आईने बांगड्या मोडून पैसे भरले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी फोंड्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना स्पॅनिश शिकवते. पुढच्या वेळी आम्ही स्पेनमधल्याच सालामांकाला गेलो आणि ती सहल मनासारखी झाली. गोव्यातल्या आणखी काही शाळा अशा सहलीच्या विचारात आहेत. तिथल्या शिक्षकांना आमच्यासारखं चाचपडत बसावं लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

सहल ठरवताना आम्ही सगळ्यात आधी एक आकडा ठरवला. प्रत्येक मूल रोज किती वेळा अनोळखी माणसाशी, शिक्षक शेजारी नसताना, स्पॅनिशमधून बोलणार? आम्ही पाच वेळा म्हटलं. शहर कोणतं, राहायचं कुठे, गट केवढा, दुपारी काय करायचं, हे सगळं त्या पाचावरून ठरत गेलं. पहिल्या वेळी आम्ही उलट केलं होतं. टूर कंपनीने छापून दिलेला कार्यक्रम घेतला आणि भाषा त्यात कुठेतरी आपोआप येईल असं धरून चाललो.

शहराचंच बघा. बार्सेलोना देखणं आहे, पण तिथे कातालान भाषेचा मान मोठा. मेट्रोत बाहेर पडायच्या पाटीवर 'सालिदा' शोधणाऱ्या मुलांना आधी 'सोर्तिदा' दिसलं आणि ती गोंधळली. शिवाय पर्यटक इतके, की मूल अडखळलं की दुकानदार लगेच इंग्रजीवर येतो. त्याला गिऱ्हाईक उरकायचं असतं, त्याचं काही चुकत नाही. सालामांका मात्र दीड लाखाच्या आतलं गाव. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ तिथे आहे, त्यामुळे बाहेरून शिकायला आलेली, अडखळत बोलणारी मुलं बघायची गावाला सवय आहे. लोक थांबतात, वाक्य पूर्ण होऊ देतात. कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं पहिलं छापील व्याकरण, नेब्रिखा या पंडिताचं, १४९२ साली याच गावात छापलं गेलं. हे वर्गात सांगताना मी आपल्या गोव्यातल्या राशोलचीही आठवण करून दिली, कारण कोकणीचं व्याकरण तिथे १६४० साली छापलं होतं. मुलांना दोन्ही गावं एकदम जवळची वाटली.

गोव्यातून जाणाऱ्या मुलांजवळ एक शिदोरी असते, तिचा उपयोग करून घ्या. पाव, मेज, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्द, त्यांची स्पॅनिश भावंडं पान, मेसा, यावे, पताता. पणजीतल्या फोंताइन्यात 'रुआ ३१ द जनेरो'ची पाटी वाचत मोठी झालेली मुलगी सालामांकाच्या मुख्य चौकातून बाहेर पडली आणि समोरच्या पाटीवर 'रुआ मायोर' वाचून जागेवरच उभी राहिली. स्पेनमध्ये रस्त्याला सहसा 'काये' म्हणतात, पण या जुन्या रस्त्याला 'रुआ'च नाव आहे. आणि जुन्या गोव्यातला सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, मूळचा नावारा प्रांतातला, तिथल्या खाव्येर गावचा, हे ऐकल्यावर तर कॅथलिक घरातली मुलं स्पॅनिशमधला 'ख' घरचाच असल्यासारखी म्हणू लागली. मराठी-कोकणी बोलणाऱ्या जिभेला स्पॅनिश उच्चार जड जात नाहीत. त, द, र आपल्यासारखेच आहेत. मात्र पोर्तुगीज येणाऱ्या मुलांना फसवे शब्द आधीच सांगून ठेवा. पोर्तुगीजमध्ये 'पोल्वु' म्हणजे आठ पायांचा समुद्री प्राणी, स्पॅनिशमध्ये 'पोल्वो' म्हणजे धूळ. हॉटेलात ते मागून चालणार नाही.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते.

स्पेनसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला, व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, तीन महिने आधी फाइल तयार हवी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे चौथीत काढलेला नववीत नेमका संपायला आलेला असतो. आमच्या गटात असे सहा निघाले. बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. शिक्षणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाची फी माफ असते. त्यासाठी शाळेच्या पत्रात सहलीचा हेतू अभ्यास हाच आहे असं स्पष्ट लिहावं लागतं आणि तिथल्या भाषाशाळेचं प्रवेशपत्र जोडावं लागतं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च मात्र भरावा लागतो. पहिल्या खेपेला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांची फी भरली गेली.

आई-वडील दोघांचंही नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. गोव्यात यात दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे नावं. जुन्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, आधारवर इंग्रजी वळणाने, पासपोर्टवर तिसरंच. एका नाईकांच्या घरी तिन्ही कागदांवर तीन स्पेलिंगं निघाली, प्रतिज्ञापत्र करण्यात त्यांचा आठवडा गेला. दुसरी अडचण म्हणजे वडील. कुणाचे बोटीवर, कुणाचे आखातात. ते सुट्टीवर येतील तेव्हाच सही मिळणार.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेली दोन मुलंही होती. त्यांना स्पेनचा व्हिसा नको, पण भारतात परत यायला ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं, कार्ड किंवा भारताचा व्हिसा हवा, हे जाण्याआधी तपासा. माद्रिदच्या विमानतळावर त्यांची रांग वेगळी असते. मुलं त्या क्षणी एकमेकांपासून तुटतात आणि घाबरतात. आम्ही एक शिक्षक पलीकडे त्यांची वाट बघत उभा राहील असं आधीच सांगून ठेवलं होतं.

गोव्याहून स्पेनला थेट विमान नाही. आखातातलं एखादं शहर किंवा मुंबई-दिल्ली करून माद्रिद गाठायचं, आणि विमानतळावरूनच सालामांकाची बस मिळते, अडीच-तीन तासांची. तिकिटं लवकर काढा, खर्चातला सगळ्यात मोठा घास तोच असतो. युरोचा भाव वरखाली होतो, म्हणून पालकांना आकडा सांगताना दहा टक्के वर धरून सांगा. उरले तर परत करा, पण मागाहून मागू नका.

राहण्याच्या बाबतीत मी ठाम आहे. हॉटेल किंवा वसतिगृह नको, कुटुंबातच राहायचं. एका घरी दोन मुलं, तीन नकोत. तीन असली की जेवणाच्या टेबलावर दोघं आपसात मराठीत बोलू लागतात आणि तिसरा ऐकत बसतो. सख्खे मित्र एका घरी देऊ नका. यावर मुलं रुसली, दोन पालकांनी फोन केले, तरी आम्ही ऐकलं नाही. कुटुंबांची निवड आणि तपासणी भाषाशाळा करते. त्यासाठी सेर्व्हान्तेस संस्थेची मान्यता असलेली शाळाच निवडा आणि अपरात्री फोन केला तर कोण उचलेल, हे लेखी घ्या.

जेवणाचा प्रश्न पालकसभेत पहिलाच आला. "टीचर, भुरग्यांक थंय शीतकडी मेळटली मगो?" शीतकडी, म्हणजे भात-आमटी, नाही मिळत, पण आपल्या मासे खाणाऱ्या मुलांचं तिथे छान भागतं. बटाट्याचं जाडजूड आम्लेट, तोर्तिया, तर सगळ्यांनाच आवडलं. खरी काळजी पूर्ण शाकाहारी मुलांची. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर भाजीत हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण हॅम म्हणजे हामोन, ते बऱ्याच जणांच्या लेखी मांसात धरलं जात नाही. म्हणून सगळं नाव घेऊन सांगायचं: नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, म्हणजे ना मांस, ना हॅम, ना मासे. गाय-डुक्कर न खाणाऱ्यांनी 'नी तेर्नेरा, नी थेर्दो' पाठ करावं. आणि सोमवारी मासे चालत नाहीत वगैरे फॉर्मवर लिहायचं की नाही, हे घरीच ठरवून यावं. आम्ही ते लिहिलं, आणि एका बिचाऱ्या आजींनी दोन्ही आठवडे रोज सकाळी मुलाला विचारलं, आज कोणता वार?

वेळापत्रकाची भीती घालणारे बरेच भेटतील. जेवण दोन-अडीचला, मग दुकानं बंद, रात्रीचं जेवण नऊनंतर. पण आपली शाळा दीडला सुटते, मुलं दोनला जेवतात आणि दुपारी एक ते चार फोंड्याच्या बाजारातही शटर खाली असतं. आमच्या मुलांना यात नवल वाटलं नाही. सवय करावी लागली ती उजेडाची. मे महिन्यात तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे 'दिवेलागणीला घरी' हा नियम निरुपयोगी. घड्याळ बघून वेळ सांगा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, म्हणून घरी फोन दुपारच्या जेवणानंतर चारला, म्हणजे इथे साडेसात. तेवढीच पंधरा मिनिटं. बाकी वेळ फोन शिक्षकांकडे. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे, मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो.

सकाळी चार तास वर्ग. दुपारी आम्ही प्रत्येक जोडीला एक काम द्यायचो. मुख्य चौकाला लागूनच मेर्कादो सेंत्राल हा बाजार आहे. तिथे पाव किलो चेरी आणायच्या, हे पहिलं काम. वाटतं तेवढं ते सोपं नाही. तिथे ठेल्यापुढे रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. येणाऱ्याने विचारायचं, 'क्येन एस ला उल्तिमा?', शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, मग तुमचा नंबर त्या माणसामागे. नववीतली एक मुलगी, वर्गात मान वर न करणारी, दहा मिनिटं ठेल्यापाशी उभी होती. मागून आलेले घेऊन जात होते. मी खांबाआडून बघत होते, पुढे जायचा मोह आवरत होते. शेवटी तिने विचारलं. एका बाईंनी हात वर केला आणि हसून तिला शेजारी ओढून घेतलं. मग तिची पाळी आली. 'मे पोने उन क्वार्तो दे थेरेथास, पोर फावोर.' अॅपवर तिने 'सेरेसास' असा दक्षिण अमेरिकेतला उच्चार पाठ केला होता, पण आधीच्या गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून तिने तिथल्या तिथे 'थ' उचलला. चेरी घेऊन आली तेव्हा कागदी पिशवी तिने इतकी घट्ट धरली होती, की बुडाशी रस पाझरत होता.

अशी कामं जाण्याआधी निदान दोन महिने वर्गात घोटून घ्या. बाकं सरकवून बाजार मांडा, तुम्हीच खेकसणारा दुकानदार व्हा. हा सराव झाला नसेल तर तिथले दोन आठवडे मुलाला नुसता पाहुणचार होतो. आमच्या मुलांना आम्ही एकेक वही दिली होती. आज कुणाशी बोललो, त्याने काय म्हटलं, मला काय कळलं नाही. रोज पाच नोंदी. देवनागरीत लिहिलं तरी चालेल असं सांगितलं होतं आणि बहुतेकांनी तसंच लिहिलं. त्या वह्यांमधल्या 'कळलं नाही' या रकान्यातून परतल्यावर मला वर्षभराचे धडे मिळाले. परत आल्यावर शाळकरी मुलांसाठीची डेले ही स्पॅनिशची परीक्षाही देता येते, पण ती सहलीला चिकटवू नका. मुलं तिथे परीक्षेचा विचार करत फिरतील.

पुढच्या मे महिन्यात जायचं असेल तर तारखा या जुलैत पक्क्या करा आणि संमतिपत्राचे नमुने चतुर्थीच्या सुट्टीआधी घरोघर पोचवा. बोटीवरचे आणि आखातातले बरेच वडील तेव्हा गावी येतात. मखरापुढची धावपळ संपली की दीड दिवसांच्या गणपतीनंतर एक सकाळ नोटरीसाठी मोकळी ठेवा, असं चिठ्ठीतच लिहून द्या.