हरयाणाची म्हैस आणताय? पहिले २१ दिवस जरा दमानं घ्या

दिवाळी झाली की दूधवाल्यांच्या ग्रुपवर ट्रकचे फोटो सुरू होतात, रोहतकला निघालो, जिंदला पोचलो, एवढ्या लिटरची घेतली. आणि महिन्याभरात त्याच माणसाचा मेसेज, म्हैस १४ वरनं ७ लिटरवर आली, इकडची हवा मानवत नाही का? हवा मानवते हो. तिकडं मे-जूनात ४५ डिग्रीपर्यंत ऊन जातं आणि जानेवारीत हाडं गोठतात, ते सगळं काढून आलेलं जनावर आहे ते. बदलते ती वैरण, पाणी आणि धार काढणारा हात, आणि ते सगळं आपण एका रात्रीत बदलतो, तिथंच घोळ होतो.

आमच्याकडचंच सांगतो. पहिली मुऱ्हा, म्हणजे हरयाणाच्या जातीची म्हैस, आली तेव्हा रात्री १० ला ट्रक लागला, २-३ दिवस उभ्यानं आलेली ती, घरात सगळ्यांना कौतुक, मग हिरव्या मक्याचा भारा टाकला नि वर ४ किलो पेंड. सकाळी रवंथ बंद, शेण पातळ, आंबूस वास. डॉक्टरांनी वाचवली पण त्या वेतात ती दुधावर परत आलीच नाही.

कारण साधं आहे, तिच्या पोटातले जिवाणू तिकडच्या तुडीला म्हणजे गव्हाच्या भुश्याला आणि बरसीम या हिरव्या चाऱ्याला सरावलेले असतात, आपल्या कडब्या-मक्याला जुळायला त्यांना २-३ आठवडे लागतात. म्हणून येतानाच तुडी आणि तिथं चालू असलेली पेंड २-३ पोती ट्रकमध्ये टाकून आणा. उतरवताना उडी मारायला लावू नका, मातीचा उतार करा. पहिल्या दिवशी फक्त सुकी वैरण, पाणी थोडं थोडं करून, त्यात गूळ आणि थोडं मीठ. पेंड दुसऱ्या दिवसापासून, तीही निम्मी. मग दर ४-५ दिवसांनी जुनं पाव हिस्सा कमी, आपलं पाव हिस्सा जास्त. दूध पहिले ८-१० दिवस उतरणारच, तेव्हा पेंड वाढवायचा मोह आवरा, दूध उतरलं म्हणून पेंड वाढवली की पोट बिघडतं आणि दूध अजून उतरतं.

उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तर पहिले १५ दिवस दाखवूच नका. ऊसतोडीचा सीझन चालू असतो, स्वस्तात मिळतं, माहितीय. पण त्यातला ऑक्झॅलेट नावाचा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो, ते अंगी लागत नाही, आणि ताज्या व्यालेल्या म्हशीला आधीच कॅल्शियमची ओढ असते. नंतर घालाल तेव्हाही चुन्याची निवळी शिंपडून घाला, खनिज मिश्रण रोजचं ठेवा.

घेतानाच रेडकू सोबत असलेली, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची बघा आणि सलग ३-४ धारा समोर काढून घ्या, एका धारेवर व्यवहार करू नका, तुंबवलेलं दूध असतं. ब्रुसेला (गाभ पाडणारा रोग) आणि टीबीची तपासणी तिथंच करा. लाळ्या खुरकूत, घटसर्पाची लस निघायच्या ३-४ आठवडे आधी झालेली असली तर उत्तमच, नसेल तर उतरल्या उतरल्या टोचू नका, दमलेल्या जनावरात लस नीट लागू होत नाही.

इथं आल्यावर २१ दिवस वेगळं बांधायचं म्हणजे खरंच वेगळं, दावण वेगळी, पाण्याची बादली वेगळी, आणि धार आपल्या जुन्या जनावरांची आधी, हिची शेवटी. कानाच्या आत, कासेजवळ, शेपटीखाली गोचीड बघा. रोज सकाळी थर्मामीटर लावा, १०१ फॅरनहाइटच्या आसपास ठीक, १०३ च्या वर गेला किंवा नाकातनं शेंबूड नि खोकला दिसला तर घरचे उपाय न करता डॉक्टरला फोन. धार काढणारा माणूस पहिले १५ दिवस एकच ठेवा, वेळही तीच. पान्हा चोरते, म्हणजे दूध सोडत नाही, म्हणून पान्ह्याच्या इंजेक्शनच्या नादाला लागू नका, रेडकू लावा, कास कोमट पाण्यानं धुवा, थांबा.

अजून एक, आत्ता थंडी आहे म्हणून गोठ्याचं काम पुढं ढकलू नका. कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं म्हशीला थेट ऊन सोसत नाही, आणि उन्हाळ्यात तिचा माजही मुका होतो, कळतच नाही. फेब्रुवारी लागायच्या आत पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकून घ्या आणि दुपारी अंगावर पाणी मारायला पाइप ओढून ठेवा.