पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान बनवताय? मग आधी तोल शिका

पहिल्याच विमानाला राफेल नि सुखोई मनात आणू नका, पंख वर बसवलेलं साधं ट्रेनर (शिकाऊ विमान) करा, पंखाची लांबी एक मीटर आणि रुंदी 18 सेंमी. मटेरियल 5 मिमी फोमबोर्ड, आर्किटेक्चरची मुलं मॉडेलला वापरतात ना तो, पीव्हीसीचा कडक सनबोर्ड घेऊ नका, फार जड होतो. पंखाची दोन्ही टोकं मध्यापेक्षा 5-5 सेंमी वर उचललेली ठेवा, म्हणजे विमान कललं तरी स्वतःच सरळ व्हायला बघतं, एलरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) लागत नाहीत, रडर (शेपटीची उभी पट्टी) आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) हलवायला दोन सर्वो, म्हणजे छोट्या मोटरी, एवढ्यात भागतं.

बाकी सामान म्हणजे 2212 साइजची 1000 केव्ही मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, किलोव्होल्ट नव्हे), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 10 इंची प्रॉप (पंखा), 9 ग्रॅमचे सर्वो, 3 सेलची 2200 एमएएच लायपो बॅटरी. रिमोट फ्लायस्काय आय6 चालेल, त्याच्या रिसीव्हरमध्ये (विमानात बसणारा भाग) रडरचा सर्वो चॅनल 1 ला लावा म्हणजे वळवणं आणि वर-खाली दोन्ही उजव्या स्टिकवर येतं. सगळं मिळून वजन 700 ग्रॅमच्या आसपास राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. माझं ठाम मत आहे की नवीन लोकांची विमानं उडवता न आल्याने कमी आणि शेपूट जड राहिल्याने जास्त पडतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 सेंमी मागे दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा, बॅटरी लावून त्या खुणांवर बोटांनी विमान उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा, म्हणूनच बॅटरी वेल्क्रोवर ठेवायची, कायमची चिकटवायची नाही.

मग प्रॉप काढून (हे प्लीज विसरू नका, बोटं जातात) सगळं चेक करा. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर जायला हवा, उजवीकडे दाबली की रडर उजवीकडे. मोटर फिरत असताना रिमोट बंद करून बघा, मोटर थांबलीच पाहिजे, नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद होण्याची सोय) सेट केल्याशिवाय मैदानावर जाऊच नका.

जागा शोधताना डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा हवाई हद्दीचा नकाशा बघा, विमानतळाजवळ अजिबात नाही, आणि वस्ती, रस्ता, विजेच्या तारांपासूनही लांब. कापणी झालेलं मोकळं शेत आणि सकाळची वेळ बेस्ट, वारा पडलेला असतो. आधी मोटर बंद ठेवून गवतावर वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून सरळ फेका, उचकी दिल्यासारखं वर जाऊन पडलं तर बॅटरी अजून थोडी पुढे, सरळ नाक खुपसलं तर मागे. मग पाऊण थ्रॉटलवर (मोटरच्या जोरावर) हलकेच सोडा आणि पुरेशी उंची मिळेपर्यंत वळवू नका.

विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि सगळे इथेच गडबडतात, उपाय सोपा आहे, जो पंख खाली दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकला, विमान सरळ होतं. टायमर 8 मिनिटांचा लावा, थोडी बॅटरी शिल्लक असतानाच उतरवा, कारण लायपोचा एखादा सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की ती बॅटरी खराब होते, आणि घरी आल्यावर पुढच्या रविवारपर्यंत उडवणार नसाल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.