चौथ्या लेखाला अडकलो तेव्हा

पहिले तीन लेख पंधरा दिवसांत झाले. चौथ्याला जो अडकलो तो सव्वा महिना. विषय सांगलीची हळद, म्हणजे घरचाच. रात्री जेवणं उरकली की बसायचं, ‘सांगलीच्या हळदीला मोठी परंपरा लाभली आहे’ असं लिहायचं आणि खोडायचं. खोडत होतो ते बरंच होतं म्हणा. असल्या वाक्यापुढे कुणाला काय सुचणार?

उपाय सगळे केले. पहाटे पाचला उठलो, नवी वही आणली, टेबल खिडकीशी सरकवलं (त्यात एक रविवार गेला). मग वाचत सुटलो. मार्केट यार्डातले सौदे, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, हळदीच्या जाती. टिपणं बारा पानं, लेख शून्य. ‘सुचत नाही’ असं मी सगळ्यांना सांगत होतो, पण खरं तर माल जास्त झाला होता आणि कुठून हात घालावा ते कळत नव्हतं. नव्याने लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच बसतात, असं मला आता वाटतं.

सुटलो ते मावशीच्या फोनमुळे. “काय लिहितोयस रे?” म्हणाली. “हळदीवर.” “हळदीवर म्हणजे काय?” म्हणून मी हरिपूरची पेवं सांगायला घेतली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती, तिच्यात खोल खणलेले खड्डे, त्यात साठवलेली हळद. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आत प्राणवायू नसतो, आधी हवा खेळू द्यावी लागते.

“आणि उतरला कुणी तर?”

“गुदमरेल.”

“अरे मग हे लिही की! परंपरा कसली घेऊन बसलास?”

फोन ठेवला आणि मोबाइलचा माइक दाबून तेच पुन्हा बोललो, मावशीशी बोलल्यासारखं. यंत्राने ‘पेव’चं दर वेळी ‘पेय’ केलं, त्यामुळे मजकुरात लोक हळदीच्या पेयात उतरत होते. पण वीस मिनिटांत दोन पानं हाताशी आली.

तेव्हापासून पहिली ओळ ‘मावशी,’ अशीच असते. लेख झाला की ती काढतो. ऱ्हस्व-दीर्घ त्या रात्री बघतच नाही. पूर्वी एका वेलांटीपाशी थांबायचो, शब्दकोश उघडायचो आणि पुढचं वाक्य विसरायचो. आता शुद्धलेखन सकाळी, चहाबरोबर. आणि उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो. दुसऱ्या दिवशी निदान ते पुरं करायला तरी बसावं लागतं.

बारा पानांपैकी अकरा वापरलीच नाहीत, याची हळहळ वाटली. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली, तो भागही बसेना. त्याचा वेगळा कागद करून ठेवला, वर फक्त ‘मावशी, पाणी आलं तेव्हा’ एवढंच लिहून. पाचवा लेख तिथूनच सुरू केला.